मरळीची काठी

मागच्या मे महिन्याच्या शेवटी, जेवणं आटोपून अंगणात बाज टाकली होती, तेवढ्यात सोन्याचा फोन आला. सोन्या म्हणजे आमच्या तात्यांचा नातू. तात्या माझे थोरले चुलते. पोरगा तीन वर्षांपासून अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. आमच्याकडं रात्र होती, त्याच्याकडं सकाळ.

“काका, दुकानात उभा आहे. मासे धरायची काठी घ्यायचीय. बाबांना विचारलं तर म्हणाले, मला काय विचारतोस, काकांना विचार. आजोबांच्या मागं मागं तेच फिरायचे.”

मला हसू आलं. “आरं बाबा, मी बांबूच्या पुढं गेलेला माणूस न्हाई. तिथल्या काठ्या कशाच्या करतात ते तरी मला कुठं ठाऊक?”

“असू द्या. तुम्ही नुसतं ऐका.”

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या ऑफिसातली दोघं-तिघं सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जातात. मस्की नावाच्या माशाच्या मागं लागलेली माणसं. हा मासा लांबट, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, आणि आत दातच दात. चार फुटांच्याही पुढं वाढतो. पाणगवताच्या कडेला दबा धरून बसतो. तिथल्या लोकांना त्याचं एवढं वेड, की १९५५ साली त्याला राज्याचा मासा ठरवून टाकलाय. हेवर्ड नावाच्या गावात तर त्याच्या आकाराची चार मजल्यांएवढी उंच इमारत आहे. माणसं आतून चढून जातात आणि त्याच्या जबड्यात उभी राहून फोटो काढतात. सोन्यानं तसला फोटो मला पाठवलाही होता. मला आधी ते कुठलंसं देऊळ वाटलं होतं.

ह्या माशाला सहसा खरं आमिष लावत नाहीत. वीतभर लांबीचा रंगवलेला लाकडी मासा, पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ. त्याला म्हणतात जर्कबेट. वजन साठ ग्रॅमपासून पार पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत. पाण्यात टाकला की तो नुसता ओंडका. आपण होऊन शेपूटसुद्धा हलवत नाही. काठीनं झटका दिला की सुळकन एका अंगाला जातो, दोर सैल सोडला की थबकतो. पुन्हा झटका, पुन्हा थांबणं. त्याला जिवंत करायचं ते काठीनं.

“दुकानदारानं तीन काठ्या पुढं ठेवल्यात,” सोन्या म्हणाला. “एक साडेसहा फुटी, शेंडा एकदम लवचीक, स्वस्त आहे. एक साडेसात फुटी, जाड आणि ताठ. तिसरी नऊ फुटी. कोणती घेऊ?”

मी बाजेवर उठून बसलो.

“टाकताना होडीत उभा राहणार का बसणार?”

“उभा.”

“झटका वर द्यायचा का खाली?”

“खाली. पाण्याकडं.”

“होडीच्या काठापासनं पाणी किती खोल?”

“दोनेक फूट असेल.”

“गवत?”

“भरपूर.”

“आणि दिवसात किती वेळा टाकायचं?”

तो हसला. “काका, इथं म्हणतात, दहा हजार वेळा टाकावं तेव्हा एक गावतो.”

मी गप्प झालो. प्रश्न माझ्या तोंडून येत होते, पण ते माझे नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी मलाच कुणीतरी विचारलेले होते.

आमचं जुनं गाव भीमेच्या काठी, इंदापूर तालुक्यात. आता ते उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पुरं झालं. गाव त्याच्या आधीच उठून वर माळावर आलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, माणसं होड्या करून बघायला जातात. आमच्या गावात उघडं पडण्याइतकं उंच काही नव्हतंच.

गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा भीमेला मिळायचा. मिळण्याआधी त्याला एक डोह होता. कडेनं लव्हाळं, मध्ये पाणगवत, त्यात मरळ. तात्या पक्के शेतकरी, पण एका भोयाशी त्यांचा जीवाभावाचा दोस्ताना. त्याच्याकडून त्यांनी गळाची विद्या घेतली. आमच्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळं मासे उंबऱ्याच्या आत येत नसत. गोठ्याच्या मागं तीन दगडांची चूल, तिथं चुलती शिजवायची, आणि भांडी राखेनं तिथंच घासून पालथी घालायची. आजी तिकडं बघायची नाही. पण चार दिवस मासे आले नाहीत तर “तुझा चुलता आजारी हाय का रं?” असं मला विचारायची.

१९७३च्या दिवाळीनंतर मी तात्यांच्या मागं भुणभुण लावली की मला माझी काठी पाहिजे. मी अकरा वर्षांचा. त्यांनी महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एका बाजाराच्या दिवशी मला बुरडाच्या पालावर नेलं. सुपं, टोपल्या, शिड्या, डालगी ह्यांच्या पलीकडं बांबूंची रास पडलेली. भोर-वेल्ह्याकडचा माल. मी धावत जाऊन सगळ्यांत लांब बांबू उचलला.

“काय धरायचंय?” तात्यांनी विचारलं.

“मासं.”

“मासं म्हंजे? मुरमुरं हायत का मूठ भरून घ्याया? आदी काय धरायचं ते ठरव. मग काठी.”

“मरळ.”

बुरूड आणि तात्या एकमेकांकडं बघून हसले. मरळ म्हणजे पोरासोरांचा मासा नव्हे. ती गढूळ पाण्यात राहते, वर येऊन हवेतला श्वास घेते, आणि गळ लागला की सरळ गवतात शिरते. तिथं एकदा दोर गुंतला की मासाही गेला आणि गळही. आमच्या काठीला चक्री नसायची. दोर जेवढा बांधला तेवढाच. म्हणजे जी काही ओढाताण व्हायची, ती काठीच्या आणि मनगटाच्या जीवावर.

तात्यांनी माझ्या हातातला लांब बांबू काढून घेतला. “ही बारक्या माशांची. काठावर बसून गांडूळ बुडवायचं आन तरंगा बघायचा. मरळीला आमिष नाचवाया लागतं.”

मग त्यांनी रास चाळायला सुरुवात केली. पोकळ बांबू बाजूला, भरीव बाजूला. भरिवातही पांढरी भुकटी अंगावर असलेले बाजूला काढले. ते कोवळे, वाळले की सुरकुततात. उरलेल्यांत ज्यांची बुडाकडची पेरं जवळजवळ आणि शेंड्याकडं हळूहळू लांबत गेलेली, असे सात-आठ निवडले. एकेक उचलून एक डोळा मिटून बुडापासून शेंड्यापर्यंत नजर टाकली. बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितलं. चीर असली की आवाज फुटका येतो. बारीक भोकं आणि त्याखाली पिवळं पीठ दिसलं की तो भुंग्याचा, टाकून दिला. बुरूड म्हणाला, “तात्या, काठी घ्याया आलाय का नवरी बघाया?” तात्या म्हणाले, “नवरी एकदाच बघितली. चूक झाली तर ती सांभाळून घेती. ही न्हाई घेत.”

शेवटी तीन उरले. शेजारच्या किराणावाल्याकडून त्यांनी पाव किलोचं लोखंडी माप मागून आणलं. सुतळीनं ते शेंड्याला बांधलं, जमिनीवर ठेवलं आणि काठी माझ्या हातात दिली.

“झटका दे.”

पहिल्या काठीचा शेंडा कमानीसारखा वाकला. माप जागचं हललं नाही.

“बघितलंस? तुझा झटका काठीनंच खाल्ला. मरळीला काय दिसणार? हात हालला की माप हाललं पायजे. तेवढंच, पुढं न्हाई, मागं न्हाई.”

दुसऱ्या काठीनं माप टुणकन उडालं. मी खूश. तात्यांनी ती काठी मला हात लांब करून धरायला लावली आणि स्वतः बिडी शिलगावली. बिडी निम्मी व्हायच्या आत माझं मनगट थरथरायला लागलं. “ही माझ्या हाताची हाय, तुझ्या न्हाई. ही घिऊन तू धा येळा टाकशील आन अकराव्या येळी सावलीला जाऊन बसशील. मरळ अकराव्या येळी येती.”

तिसरी काठी घेऊन त्यांनी मला एका दगडावर उभं केलं. म्हणाले, समज हा डोहाचा काठ, खाली पाणी. झटका खाली मार. शेंडा मातीला लागला. तात्यांनी बुरडाचा कोयता घेतला आणि बुडाकडून हातभर छाटली. पुन्हा उभं केलं. आता शेंडा जमिनीच्या चार बोटं वर थांबला. “शेंडा पाण्यात बुडाला की चुबुक वाजतं. मरळ म्होरल्या गावाला जाती.”

किंमत किती पडली ते आता आठवत नाही. तात्यांनी पैसे दिले आणि वर पायलीभर ज्वारी पोचवतो म्हणाले, एवढं आठवतं.

ती काठी लगेच हातात आली नाही. ओढ्यात दगडाखाली पंधरा दिवस बुडवून ठेवली, म्हणजे तिच्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगा लागत नाही. मग गोठ्याच्या आढ्याला सावलीत टांगली. मग एका रात्री शेकोटीवर पेर न् पेर फिरवत, जिथं बाक होता तिथं गुडघ्यावर दाबून सरळ केली आणि करडईचं तेल पाजलं. तंगूस नुसतं शेंड्याला बांधलं नाही. शेंड्याला, मध्ये आणि पार मुठीजवळ, अशा तीन ठिकाणी चांभाराच्या मेणकट दोऱ्यानं आवळलं. शेंडा तुटला तरी मासा जाऊ नये म्हणून.

मग नाचवणं शिकवलं. गळाला मेलेली बेडकी. गवताच्या पलीकडं टाकायची, आणि बारीक झटक्यानं गवताच्या कडेनं आणायची. मी भराभर झटके द्यायचो. तात्या म्हणायचे, “आरं थांब की. वढताना न्हाई घेत ती. थांबल्यावर घेती. जे पळतंय त्येच्या मागं ती नुसती येती. थांबलं की तिला वाटतं, दमलं आता.” आणि घेतली तरी लगेच ओढायचं नाही, तोंडात नीट जाऊ द्यायचं, आणि मग मात्र एक क्षण सैल सोडायचं नाही.

आठ महिने मी त्या काठीनं एकही मरळ धरली नाही.

१९७४ सालचा आषाढ सरत आलेला. शाळेतून येताना डोहाच्या कडेला पाण्यावर काहीतरी लाल हललेलं दिसलं. कुंकवाचं पाणी सांडावं तसा एक पुंजका. जवळ जाऊन बघतो तर बारीक बारीक पिल्लं, शेकड्यांनी. सगळी मिळून खाली जात, सगळी मिळून वर येत, आणि पाणी उकळल्यागत बुडबुडत होतं. त्यांच्याखाली एक काळी, माझ्या हाताएवढी लांब सावली.

मी घरी पळालो. काठी घेतली, बेडकी शोधली. पहिलाच फेक त्या पुंजक्याच्या पलीकडं पडला. मी झटका दिला, बेडकी पिल्लांवरून आली, आणि थांबायची गरजच पडली नाही. पाणी फुटलं. तिनं ती भुकेनं घेतली नव्हती हे मला आज कळतं. त्या वेळी फक्त हाताला कळलं की काठी बुडापर्यंत थरथरतेय आणि तरी वाकत नाही. ती गवताकडं निघाली, मी तिला गवतात जाऊ दिलं नाही. तात्यांनी निवडलेल्या काठीनं आपलं काम चोख केलं.

घरी आलो तो वरातीसारखा. मरळ अजून तोंड उघडझाप करत होती. पाण्याबाहेर ती कितीतरी वेळ जगते. तात्या गोठ्यात धारा काढत होते.

“कुठं गावली?”

“डोहात. पिल्लांपाशी होती.”

त्यांनी चरवी खाली ठेवली. काही बोलले नाहीत. मारतील असं वाटलं, पण मारलंही नाही. मरळ चुलतीनं शिजवली, मी खाल्ली. तात्या म्हणाले, आज पोट बरं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. काठी हातात दिली. तंगूस, गळ सगळं काढून टाकलेलं, नुसता बांबू. मला घेऊन डोहावर गेले. पिल्लांचा पुंजका आता एक नव्हता. पाच-सहा ठिकाणी फुटून गवताच्या कडेनं विखुरला होता. बाभळीवर दोन खंड्या बसलेले. आमच्या डोळ्यांसमोर एक सुरकन खाली आला आणि चोचीत लाल काहीतरी घेऊन वर गेला.

“काठी तीच हाय,” तात्या म्हणाले. “आता ह्येनं खंड्या हाकल. तिचं काम तू घेतलंस न्हवं अंगावर?”

आणि ते नांगराला निघून गेले.

मी चार दिवस शाळेत गेलो नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत काठावर उभा राहून ती काठी फिरवत होतो. खंड्या हाकलले, पाणकावळा हाकलला. पण पाण्याखालून जे येत होतं त्याला मी काय करणार? वरचे पक्षी दिसायचे; खालून एखादी वाम यायची, दुसरी मरळ यायची, नुसतं पाणी हलायचं आणि पुंजका लहान व्हायचा. दुसरी सावली, जोडीतली दुसरी मरळ, एकदोनदा लांब दिसली. जवळ आली नाही. कदाचित माझ्याच भीतीनं. पाचव्या दिवशी लाल रंग कुठंच दिसला नाही. मोठी होऊन पिल्लं काळसर पडली आणि पांगली, की संपली, ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

त्या चार दिवसांत एकदा चुलती भाकरी घेऊन आली होती. तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात डोह आटला तेव्हा तात्यांनी तळातला चिखल उकरून दोन मरळी काढल्या होत्या. चिखल ओला असेल तोवर मरळ त्यात तग धरते. लोकांच्या घरात दाणा नव्हता, खडी फोडायला माणसं जात होती, आणि हा माणूस ओल्या पोत्यात गुंडाळून दोन मासे विहिरीत सोडून आला. विहिरीच्या तळाला तेवढं पुरुषभर पाणी होतं. “मी म्हनले, खायाला आणा. तर म्हनले, ह्या खाल्ल्या तर पुढल्या साली काय खाशील?” त्र्याहत्तरला पाऊस झाला, डोह भरला, आणि त्यांनी त्या पुन्हा डोहात सोडल्या.

मी धरली ती त्यांतलीच होती का? असेलही, नसेलही. पुरात भीमेतून दुसऱ्या मरळी वर चढत असतीलच. तात्यांनी ह्यावर शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही, आणि मला तोंड नव्हतं. श्रावण संपल्यावर त्यांनी काठीला नवीन तंगूस लावून दिलं. त्यानंतर आम्ही पुष्कळ मरळी धरल्या. पण आषाढात ते पाण्याकडं फिरकत नसत आणि मीही नाही.

पुढं धरणाचं पाणी आलं. डोह, ओढा, बाभळ, सगळं एकच सपाट पाणी झालं. त्यात चिलापी वाढली, एवढी की आता भिगवणच्या बाजारात पाटीच्या पाटी तीच दिसते. मरळ क्वचित येते आणि भाव ऐकून माणूस पुढं सरकतो. काठीचं काम राहिलं नाही. तिला आकडी बांधून आम्ही शेवग्याच्या शेंगा काढतो.

“काका? आहात ना?” सोन्या फोनवर विचारत होता.

“हाय हाय. ती लवचीक शेंड्याची ठेवून दे. ती तुझा झटका खाईल, लाकडाचा मासा जागचा हलायचा नाही. नऊ फुटी हातात धर बरं, हात लांब करून. आणि खाली झटका मारून बघ, दोन फुटांवर पाणी आहे समजून.”

थोडा वेळ नुसता दुकानातला गलबला ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “जमिनीला लागते. आणि मनगट भरून आलं.”

“मग साडेसातची घे. दुकानदाराला म्हणावं, तो लाकडी मासा बांधून दाखव. हात हालला की मासा हलला पाहिजे.”

“बस? एवढंच?”

मी जरा थांबलो. “सोन्या, हा मासा पिल्लं राखतो का रे?”

त्याला प्रश्नाचा रोख कळला नाही, पण त्यानं दुकानदाराला विचारलं. “नाही म्हणतात. अंडी टाकून निघून जातो, मागं बघत नाही. पण वसंतात, अंडी घालायच्या दिवसांत, इथं त्याला धरायला बंदीच असते. आता नुकतीच उठलीय. आणि बहुतेक तळ्यांवर चाळीस इंचांच्या खालचा ठेवता येत नाही. तसंही सगळे मोजून, फोटो काढून सोडूनच देतात.”

“बरं झालं,” मी म्हणालो. तात्यांची गोष्ट फोनवर सांगावीशी वाटली होती. पण दुकानात उभ्या माणसाला ती कशी सांगणार? म्हणून ही लिहायला घेतली.

ऑगस्टमध्ये त्यानं एक व्हिडिओ पाठवला. स्वच्छ पाणी, गवताची कड, आणि त्यातून तो लाकडी मासा झटक्याझटक्यानं येतोय. मागून एक लांब सावली. होडीपर्यंत आली, हातभर अंतरावर थबकली, आणि वळून खाली गेली. खाली त्यानं लिहिलं होतं, “आला होता. घेतला नाही. दोन महिन्यांत पहिलाच दिसला.”

मी तो चार वेळा बघितला. पोरगा भराभर झटके देत होता. मी उत्तर लिहिलं, “काठी चांगली घेतलीस. आता थांबायला शीक.”